क्रूझच्या प्रवाशांना मी दिलेल्या सूचना

परभणीत स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे. अठरा वर्षं झाली या धंद्याला. तिरुपती झालं, रामेश्वर झालं, काशी तर किती वेळा झाली. या धंद्यात किस्से लिहून ठेवावे लागत नाहीत, घरात जुन्या पिशव्या साठाव्यात तसे ते आपोआप साठतात. चार मित्र संध्याकाळी ऑफिसात येऊन बसले की मी एकेक काढतो. कोण चहाला उतरलं आन् गाडी सुटली, कुणी दुसऱ्याच्याच खोलीत जाऊन आंघोळ केली, असले.

पण खरं सांगू का, मित्रांना सांगतो ते सगळे किस्से प्रवासी चुकल्याचे. मी चुकलो ते किस्से मी कधी काढत नाही. क्रूझचे सगळे त्यातलेच. आज निघालाच विषय, तर सांगून टाकतो.

मुंबईहून निघायचं, गोवा, मग लक्षद्वीप, आन् परत मुंबई. पाच दिवसांची ट्रिप. माझ्यासकट जिल्ह्यातले बावीस जण जमले होते. निघायच्या आठ दिवस आधी मी एका मंगल कार्यालयात सगळ्यांना बोलावलं. माहिती द्यायला. माईक लावला, चहा-पोहे ठेवले.

आता एक गोष्ट. मी तोपर्यंत जहाजात पाय ठेवला नव्हता. ऑफिसच्या भिंतीवर जहाजाचा मोठा फोटो मात्र लावला होता. लोक विचारायचे, तुमी जाऊन आलते का? मी हसायचो. त्या हसण्याचा अर्थ ज्याचा त्यानं घ्यावा. माझी सगळी माहिती कंपनीच्या माहितीपत्रकातली आन् मोबाईलवरच्या व्हिडिओंतली.

लोकांनी भराभर प्रश्न विचारले. मोबाईलला रेंज राहते का, जेवण व्हेज मिळतं का, उलटी होते का, आधार कार्ड चालतं का. मी फाडफाड उत्तरं देत होतो. शेवटी पेडगावचे मारोतीकाका उठले. सत्तरीच्या पुढचे, सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. नांदेडला नर्स असलेल्या त्यांच्या मुलीनं आई-बापाचं बुकिंग केलं होतं. काकांनी विचारलं, जहाज रातच्याला मुक्काम कुठं करतंय? मेंढरं घेऊन चालणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न मुक्कामाचाच पडणार.

हे काही मी व्हिडिओत पाहिलं नव्हतं. पण माईक हातात असला की माणसाला 'माहीत नाही' म्हणता येत नाही. मी म्हणालो, नांगर टाकून उभं राहतं, काका. ड्रायव्हरला झोप नको का? सगळा हॉल हसला. काकाही हसले आन् खाली बसले.

जहाजावरच्या पहिल्या सकाळी मी वर डेकवर गेलो तर काका कठड्याला धरून उभे होते. पहाटेपासून तिथंच असावेत. शेजारी एक पोरगा फरशी पुसत होता, त्याच्याशी त्यांनी हिंदीत दोस्ती केली होती. निजामाच्या राज्यातली हिंदी, पण चालून गेली. मला पाहून ते जवळ आले आन् हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, ह्ये थांबतच न्हाई. रातभर चालू व्हतं. तुमाला कुन्ही तरी चुकीचं सांगितलं."

मला. चुकीचं. कुन्ही तरी.

*

दुसरी सूचना खाण्याची होती. घरचा कुठलाही पदार्थ जहाजावर नेता येत नाही, हे माहितीपत्रकात ठळक छापलेलं होतं, त्यामुळं ते मी ठासून सांगितलं. धपाटे न्हाई, लाडू न्हाई, चिवडा न्हाई. बायका नाराज झाल्या. पाच दिवस परक्याच्या हातचं खायचं म्हणजे काय! गंगाखेडच्या एका मावशींनी तर मला फोन करून विचारलं, लोणच्याची बारकी बरणी तरी? मी जरा आवाज चढवूनच बोललो. म्हणालो, मावशी, एकाच्या बरणीपायी बावीस जण अडकतील, आपल्या जिल्ह्याची इज्जत जाईल.

मुंबईला बंदरावर सामान तपासायचं मशीन असतं, विमानतळावर असतं तसलंच. आमच्या एकवीस जणांच्या बॅगा सरळ पार झाल्या. बाविसावी अडली. ती माझी.

तपासणाऱ्या बाईंनी सगळ्यांसमोर चेन उघडली. शर्ट काढले, टॉवेल काढला, आन् त्याच्या घडीतून स्टीलचा डबा काढला. शेंगदाण्याची चटणी. मला तिच्याशिवाय घास उतरत नाही, म्हणून बायकोनं दिली होती. म्हणजे मीच मागून घेतली होती. डबा उघडल्याबरोबर लसणाचा वास सगळ्या रांगेला गेला.

मावशी माझ्या मागंच उभ्या होत्या. मला वाटलं, आता काही तरी बोलतील. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आन् दुसरीकडं पाहिलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

*

तिसरी सूचना सामानाची. ती सांगायला मला आजही जड जातं.

जहाजावर मोठं सामान आपण उचलून न्यायचं नसतं. बंदरावरच बॅगेला चिठ्ठी बांधून द्यायची, ती खोलीच्या दारात आणून ठेवतात. मला ही गोष्ट लय भारी वाटली होती. मी मीटिंगमध्ये म्हणालो, लहान-मोठं सगळं देऊन टाका, जावयासारखं हात हलवत चढायचं! लोकांना ते आवडलं. सगळ्यांनी तसंच केलं.

बॅगा खोलीत यायला संध्याकाळ होते, हे मला ठाऊक नव्हतं.

आमच्यात सुमन मॅडम होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालेल्या, एकट्याच आलेल्या. दुपारी एक वाजता सगळे जेवायला बसले. समोर पन्नास तऱ्हेचे पदार्थ मांडलेले, आमची माणसं ताटं घेऊन हरखून फिरायलेली. मॅडम रिकाम्या टेबलाशी पाण्याचा ग्लास घेऊन बसलेल्या. मी विचारलं, मॅडम, जेवत का न्हाई? म्हणाल्या, आज उपास आहे माझा. मी म्हणालो, मग फळं तरी घ्या. म्हणाल्या, निरंकार आहे. मी मान डोलावली आन् दुसऱ्यांदा गुलाबजाम आणायला गेलो.

चार वाजता मारोतीकाकांच्या बायको, गयाकाकू, मला शोधत आल्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "मॅडमला उपास-बिपास काई न्हाई. त्यांची साखरंची सुई ब्यागंत गेलीय. जेवायच्या आदी घ्यावी लागती म्हनं. आन् आता त्यांला गरगरायलंय."

मी रिसेप्शनला पळालो. तिथल्या मुलीला मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं. तिनं एक फोन लावला. दहा मिनिटांत एक माणूस मॅडमची बॅग घेऊन आला, सोबत जहाजावरची डॉक्टरीण आली. तिनं साखर तपासली, सुई दिली, समोर बसवून खाऊ घातलं. रिसेप्शनची मुलगी मला एवढंच म्हणाली, की हे दुपारीच सांगितलं असतं तर दुपारीच बॅग काढून दिली असती. कुणी तरी विचारायला पाहिजे होतं.

संध्याकाळी मी मॅडमच्या खोलीवर गेलो. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं ते असं, की तुम्ही मला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाल्या, "सगळ्यांसमोर सांगितलं असतं, तर पहिल्याच दिवशी तुमच्यावरचा सगळ्यांचा विश्वास उडाला असता. अजून चार दिवस तुमच्यामागंच चालायचं होतं त्यांना."

मग त्यांनी मला बसवलं आन् शाळेत सांगावं तसं सांगितलं, की पुढच्या मीटिंगला औषधाचं पहिलं सांगा. एक दिवसाची औषधं, चष्मा, कागदपत्रं, एक कपड्याचा जोड, हे हातातल्या पिशवीत. बाकीचं नंतर.

आता मी तसंच सांगतो. सांगताना कोणाच्या डोळ्याला डोळा देत नाही.

*

जहाज सुटायच्या आधी धोक्याच्या वेळी कुठं जमायचं, याची तालीम असते. भोंगा वाजला की प्रत्येकानं आपापल्या ठरलेल्या जागी जायचं. सगळी माणसं आल्याशिवाय तालीम संपत नाही. हे मी सांगितलं होतं, बरोबर सांगितलं होतं. फक्त ते मला स्वतःला लागू आहे, असं काही मला वाटलं नव्हतं.

भोंगा वाजला तेव्हा मी सगळ्यात वरच्या डेकवर मोबाईल धरून फोटो काढत होतो. ऑफिसच्या भिंतीवरच्या त्या मोठ्या फोटोशेजारी लावायला. जहाज आन् मी.

खाली आमचे एकवीस जण उन्हात उभे. एक माणूस कमी म्हणून जहाजाच्या माणसांनी परत परत यादी वाचली. मारोतीकाकांना यादी लागत नाही. त्यांनी एकदा नजर फिरवली आन् सुमन मॅडमला म्हणाले, एक कमी हाय. मॅडमनी विचारलं, कोण? काका म्हणाले, "आपल्याला घेऊन आलाय त्यो."

हे मला मॅडमनीच नंतर सांगितलं. मी मात्र माझं नाव सगळ्या जहाजाच्या लाऊडस्पीकरवर ऐकलं. तीन वेळा. तिसऱ्या वेळी आडनावासकट.

*

खोल्यांबद्दल मी म्हणालो होतो, प्रत्येक खोलीतून समुद्र दिसतो. व्हिडिओत दिसला होता.

पोखर्णीचे बालासाहेब आमच्यातले मोठे बागायतदार. घरी बारा माणसांचा राबता, आन् बायकोनं आयुष्यात पहिल्यांदा घर पाच दिवसांसाठी सोडलेलं. खोलीत गेल्याबरोबर त्यांनी हौसेनं बायकोला पलंगावर बसवलं, म्हणाले आता बघ, आन् पडदा सर्रकन बाजूला ओढला. मागं भिंत. पांढरी. पडदा नुसता शोभेचा. स्वस्तातल्या खोल्या जहाजाच्या पोटात असतात, त्यांना खिडकी नसते. मी बावीस जणांसाठी त्याच घेतल्या होत्या. म्हणजे एकवीस जणांसाठी. ग्रुप आणला म्हणून कंपनीनं मला एकट्याला बाल्कनीची खोली दिली होती.

बालासाहेब तक्रार घेऊन माझ्या दारात आले. मी दार उघडलं. माझ्या मागं सगळा समुद्र.

त्यांनी तक्रार केलीच नाही. थोडा वेळ माझ्या खांद्यावरून पाहत राहिले. मग विचारलं, मंडळींना पाच मिनिटं आणलं तर चालंल का? मी हो म्हणालो. ते बायकोला घेऊन आले. वहिनींनी दाराबाहेर चपला काढल्या, देवळात काढतात तशा. दोघं बाल्कनीत उभे राहिले. कठड्याला हातसुद्धा लावला नाही. बरोबर पाच मिनिटांनी वहिनी म्हणाल्या, चला, त्यांना आराम करायचा असंल.

मी म्हणालो, खोली बदलून घ्या. अगदी मनापासून म्हणालो. बालासाहेब म्हणाले, नको, वर तर सगळं उघडंच हाय, आमी तिथं बसूत. आन् ते खरंच चार दिवस वर जाऊन बसले. मी माझ्या बाल्कनीत एकदाही बसलो नाही. आता म्हणाल, मग काय फायदा झाला? काहीच नाही.

*

काही सूचना मी मीटिंगमध्ये दिल्या नव्हत्या. एक तर मी फोनवर दिली होती, मारोतीकाकांच्या मुलीला.

काका धोतर नेसतात. डोक्याला लाल पटका. जहाजावर संध्याकाळचं जेवण टेबलाशी बसून असतं, काचेचे ग्लास, पांढऱ्या चादरी. मी तिला म्हणालो, ताई, तिथं धोतर चालत नाही, नियम आहे, बाबांना पँट घेऊन द्या. तिनं बिचारीनं दोन पँटी शिवून घेतल्या.

असा नियम कुठंही नव्हता. माहितीपत्रकात एवढंच होतं, की रात्रीच्या जेवणाला चड्डी आन् स्लीपर घालून येऊ नये. धोतराचा नियम माझा. व्हिडिओतली ती टेबलं पाहताना माझ्या डोळ्यांसमोर काकांचा पटका आला होता, आन् मला कसंनुसं झालं होतं.

काका दोन दिवस पँटीत वावरले. एका हातानं कंबर धरून चालायचे. मांडी घालता येईना. दुसऱ्या संध्याकाळी जेवायला आलेच नाहीत. गयाकाकू म्हणाल्या, वरच उभ्यानं खातेत, इथं त्यांला जमंना.

तिसऱ्या संध्याकाळी काकू त्यांना ओढून घेऊन आल्या. आम्ही सगळे एका लांब टेबलाशी बसलेलो. तेवढ्यात दारातून दक्षिणेकडचे एक म्हातारे गृहस्थ आले. अंगात पांढरा शर्ट, खाली पांढरी शुभ्र लुंगी, धोतरासारखीच, कपाळाला भस्म. वेटरनं त्यांना वाकून नमस्कार केला आन् खुर्ची ओढून दिली.

काकांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मग उठून गेले.

दहा मिनिटांनी परत आले ते धोतर नेसून, पटका बांधून. त्याच वेटरनं तशीच खुर्ची ओढून दिली. काका सावकाश बसले आन् दोन वेळा भात मागून घेऊन जेवले.

हात धुताना काका शेजारी आले. "भाऊ," ते म्हणाले, "धोतर चालत न्हाई म्हनून तुमाला कुनी सांगितलं व्हतं?"

इथं तरी खरं बोलायचं होतं. मी म्हणालो, कंपनीनं.

काकांनी मान हलवली. म्हणाले, कंपनीला कळवा, चालतंय म्हनावं.

*

आता शेवटचा.

परतीच्या दिवशी दुपारी मी डेकवर चहा घेत बसलो होतो, शेजारी मारोतीकाका. समोरच्या टेबलावर मुंबईचं एक जोडपं होतं, निवृत्त साहेब असावेत. चांगली माणसं. गप्पा निघाल्या. जहाज कसं, जेवण कसं, मग बाईंनी विचारलं, तुम्ही कुठले?

मी म्हणालो, "पुण्याचे."

का म्हणालो ते मला माहीत नाही. म्हणजे माहीत आहे. परभणी म्हटलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात, ते कुठं आलं, तिकडं पाण्याचे हाल ना. पुणे म्हटलं की प्रश्न संपतात असं मला वाटलं. पण बाईंची बहीणच पुण्यात. त्यांनी विचारलं, पुण्यात कुठं? मी म्हणालो, कोथरूड. त्या म्हणाल्या, अगंबाई, ती पण तिथंच, तुम्ही कोणत्या भागात? मी काही तरी पुटपुटलो, मोबाईल वाजल्यासारखं केलं आन् उठलो.

काका कप खाली ठेवून समुद्राकडं पाहत होते. मला वाटलं, ऐकलं नसावं. म्हातारा माणूस, वाराही होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई आली. उतरताना दारात जहाजाची एक मुलगी टॅब घेऊन उभी होती. मराठीच होती, रत्नागिरीकडची. प्रत्येकाला नाव, गाव आन् प्रवास कसा झाला ते विचारून टिपून घेत होती. आमची माणसं बुजतील म्हणून मी तिच्याजवळ उभा राहून एकेकाला पुढं करत होतो. मावशी गेल्या, सुमन मॅडम गेल्या, बालासाहेब आन् वहिनी गेल्या.

मग मारोतीकाका आले. धोतर, पटका, खांद्यावर पिशवी, मागं गयाकाकू. मुलीनं नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. गाव विचारलं.

"पेडगाव," काका म्हणाले. "तालुका परभनी, जिल्हा परभनी."

प्रवास कसा झाला विचारलं. म्हणाले, लय चांगला झाला, लेकरांनो, तुमी लय जीव लावला. मुलगी हसली. तिनं ते टिपलं आन् माझ्याकडं बोट करून काकांना विचारलं, हे पण तुमच्याच ग्रुपमधले ना?

काकांनी वळून माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर मी इथं सांगितलंही नसतं.

"न्हाई," ते म्हणाले. "ह्ये पुन्याचे हायेत. आमची वळख हितं जहाजावरच झाली."

मुलीनं तसं लिहून घेतलं.